तळीरामाचा सातबारा

नव्या वर्षाच्या आरंभीचे वर्तमानपत्र उघडावे आणि आतल्या पानावर हमखास एक मथळा दिसावा : 'तळीरामांवर पोलिसांची कारवाई'. एकतीस डिसेंबरच्या रात्री किती तळीराम सापडले, किती तळीरामांच्या गाड्या अडकवून ठेवल्या, किती तळीरामांनी हवालदाराशी हुज्जत घातली, याचा साग्रसंगीत तपशील त्याखाली असतो. बातमी लिहिणाऱ्याला त्या घटकेला राम गणेश गडकऱ्यांची आठवण होत असेल असे मला वाटत नाही. वाचणाऱ्यालाही होत नाही. आणि जो पकडला गेला, त्याला तर कशाचीच आठवण नसते!

मराठीच्या प्राध्यापकाची गोष्ट निराळी. त्याला नको तिथे नको ते आठवते, आणि त्याबद्दलच त्याला पगार मिळतो. हा तळीराम म्हणजे 'एकच प्याला' नाटकातला, आर्य मदिरा मंडळाचा खंदा आधारस्तंभ. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या विदर्भातल्या सावनेरला वारले, आणि नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. म्हणजे आपला तळीराम रंगमंचावर झिंगताना पाहण्याचे भाग्य काही गडकऱ्यांना लाभले नाही. पण त्या एका माणसाचे विशेषनाम शंभर वर्षांत सामान्यनाम होऊन बसले. व्याकरण शिकवताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता क्षणभर कल्पना करा. प्रत्येक मथळ्यामागे गडकऱ्यांच्या खात्यावर एक-एक रुपया जमा झाला असता, तर? लग्नघरात आहेराच्या यादीपासून आचाऱ्याच्या चुलीपर्यंत धावपळ करणाऱ्याला आपण 'नारायण' म्हणतो, त्याबद्दल पु. ल. देशपांड्यांना काही द्यायला नको का? छापील मराठी बोलणाऱ्या मुलाला 'गटणे' म्हणून हाक मारण्यापूर्वी परवानगी काढायला हवी का? थोडक्यात म्हणजे, लेखकाने जन्माला घातलेल्या माणसाच्या नावावर मालकी कोणाची?

मी राहतो वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, कामरगावला. या दिवसांत आमच्याकडे लोक बोलतात ते सोयाबीनच्या भावाबद्दल आणि कापसाच्या वेचणीबद्दल. पात्रांच्या नावांच्या मालकीची चर्चा कामरगावच्या चहाच्या टपरीवर निघण्याचा संभव कमीच. तरीही हा प्रश्न माझ्यापर्यंत आला, आणि तोही एका कापूसवाल्याच्या पोरामार्फत.

हा माझा जुना विद्यार्थी. कॉलेजात असताना त्याने वऱ्हाडी बोलीत एक एकांकिका लिहिली. तिच्यात पारावर बसून भल्या-भल्यांची फिरकी घेणारा एक म्हातारा आहे. तो म्हातारा म्हणजे या पोराचे आजोबा, अगदी हुबेहूब, नावसुद्धा त्यांचेच. (ते नाव मी मुद्दामच लिहीत नाही. उगाच आणखी कोणी उचलायचा!) एकांकिकेला बक्षीस मिळाले, चार ठिकाणी प्रयोग झाले, आणि पोरगा आपल्या कामाला लागला. दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या मंडळींनी एक एकांकिका केली. तिच्यात झिंगून पडणारा, सुनेच्या शिव्या खाणारा एक म्हातारा होता, आणि त्याचे नाव नेमके तेच. कोणीतरी मोबाइलवर ते चित्रण पोराच्या आजीला दाखवले.

पोरगा माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता.

"सर, आजी दोन दिस जेवली नाई," तो म्हणाला. "म्हणे, तुह्या आबानं जनमात घोट घेतला नाई, अन् याईनं त्याले दारूड्या केलं. केस ठोकता येते का नाई, एवढंच सांगा मले."

साहित्यशास्त्रात याचे उत्तर नाही. मम्मटापासून मर्ढेकरांपर्यंत मी मनातल्या मनात धावून आलो. कोणीच मदतीला येईना. मग एस.टी. धरून माझ्या एका वकील मित्राकडे गेलो. आम्ही एका बाकावर बसून शिकलेले. त्यामुळे तो माझ्याकडून फी घेत नाही, आणि त्याची भरपाई टोमण्यांनी करतो.

"मास्तर," तो म्हणाला, "शेताले सातबारा असते, घराले नमुना आठ असते. नावाले काय असते? काहीच नसते!"

त्याने मग जे समजावून सांगितले, आणि मी पुढे जे वाचून काढले, त्याचा मथितार्थ असा. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. तो कथा, कविता, नाटक, चित्र, गाणे, चित्रपट अशा 'कृती'ला संरक्षण देतो. दोन-चार अक्षरांचे नाव ही काही कृती नव्हे. एक विटकर म्हणजे घर नव्हे, तसेच हे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. एका मराठी माणसाने २००८ साली 'देसी बॉइज' नावाची कथा लिहून मुंबईच्या चित्रपटलेखकांच्या संघटनेत नोंदवली. पुढे २०११ मध्ये त्याच नावाचा मोठा हिंदी चित्रपट आला. आपले नाव चोरले म्हणून त्याने फिर्याद केली. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती फिर्याद निकालात काढली. संघटनेतली नोंद हा आपसांतला शिष्टाचार. तो सातबारा नव्हे. जिथे अख्ख्या शीर्षकाची ही कथा, तिथे पात्राच्या नावाचा काय पाड?

मी निराश झालेला पाहून मित्राने दुसरा चहा मागवला आणि म्हणाला, "पण नाव वेगळं अन् माणूस वेगळा, बरं!"

खरी मौज इथूनच सुरू होते. कायदा नावाला ओळखत नसला, तरी नावाच्या आतल्या माणसाला ओळखतो. अट एकच : त्या माणसाला नाक-डोळे, चालणे-बोलणे, स्वभाव आणि खोडी असल्या पाहिजेत. 'दबंग' चित्रपटातला चुलबुल पांडे आठवा. त्याच्यावरून २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला. एखादे पात्र आणि त्याचे चित्रण एकमेवाद्वितीय असेल, तर त्याला संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व न्यायालयाने प्रथमदर्शनी मान्य केले. मात्र निर्माते आले ते दुसरा चित्रपट झळकण्याच्या तोंडावर, म्हणून मनाई काही मिळाली नाही. म्हणजे दार उघडले, पण उशिरा आल्यामुळे पंगत उठली होती!

'शोले'चे उदाहरण याहून बोलके आहे. २००७ साली राम गोपाल वर्मांनी 'शोले'च्या धर्तीवर 'आग' काढली. तिच्यात गब्बरसिंग नव्हता, बब्बनसिंग होता. पण नाव फिरवले म्हणून माणूस फिरतो थोडाच? २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती नक्कल ठरवली आणि दहा लाख रुपयांची नुकसानभरपाई द्यायला लावली. उलट, त्याआधी २००२ साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी'च्या मालकांनी कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका जाहिरातीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. तुमच्या पात्रांना मालिकेबाहेर स्वतःचे आयुष्य लाभले आहे, हे दाखवा, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. सासू-सुनांना मालिकेबाहेर आयुष्य नाही, हे न्यायालयाला पटले. घरोघरच्या प्रेक्षकांना पटले असते की नाही, कोण जाणे.

केरळातली हकीकत मला सर्वांत आवडली. टॉम्स नावाचे व्यंगचित्रकार होते. त्यांनी शेजारच्या दोन खोडकर मुलांवरून 'बोबन आणि मोली' ही जोडी निर्माण केली. नावेसुद्धा त्या मुलांचीच. पुढे ते एका मोठ्या वर्तमानपत्रात नोकरीला लागले, आणि तिथे ही जोडी घरोघरी पोहोचली. नोकरी सुटल्यावर वाद झाला : ही पोरे कोणाची? केरळ उच्च न्यायालयाने सांगितले की, नोकरीत काढलेली चित्रे खुशाल मालकाची. पण मुले नोकरीच्या आधी जन्मलेली आहेत, तेव्हा त्यांना पुढे चितारण्याचा हक्क बापाचा. न्यायदेवता डोळे बांधून असली तरी लेकरू कोणाचे ते ओळखते, याचा मला फार आनंद झाला.

नावाला कुंपण घालण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो व्यापाराचा. वह्या, दप्तरे, कपडे यांच्यावर पात्राचे नाव छापून विकायचे असेल, तर ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येते. पण तिथे लेखक कोण यापेक्षा बाजारात आधी कोण आले, याला मान. 'नॉडी' हे इंग्रज बाळगोपाळांचे लाडके पात्र. त्याच्या मालकांनी त्याच नावाने मुलांचे कपडे विकणाऱ्या एका भारतीय व्यापाऱ्यावर दावा लावला आणि २०१० साली दिल्लीत ते हरले. कारण व्यापारी त्या नावाने आधीपासून कपडे विकत होता. जनकापेक्षा दुकानदार श्रेष्ठ ठरला, तो असा.

हे सारे ऐकून परतताना एस.टी.च्या खिडकीशी मला वाटू लागले की, कायद्याने ही जी नावाची आणि माणसाची फारकत केली आहे, ती आमच्या मराठी लेखकांना कधीचीच ठाऊक आहे. आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' लिहिले, तेव्हा हॅम्लेटचा चंद्रसेन झाला. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोला झुंजारराव केले. नाव बदलले, माणूस तोच. पुढे झुंजार हे नाव बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत आले. तिथे नाव जुने, पण माणूस अगदी नवा. त्यांचा 'काळापहाड' तर मुळात सोळाव्या शतकातला, बंगालच्या सुलतानाचा सेनापती! श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमच्या वऱ्हाडातले पट्टीचे लेखक, आणि पेशाने वकील. पण त्यांनीही 'सुदाम्याचे पोहे' लिहिताना सुदाम्याचे नाव भागवतातून बिनदिक्कत उचलले. द्वारकेहून नोटीस आल्याचे ऐकिवात नाही.

आणि खाडिलकरांचे 'कीचकवध' घ्या. १९०७ साली ते रंगभूमीवर आले. त्यातली नावे महाभारतातली, कोणाच्याच मालकीची नसलेली. पण कीचक बोलू लागला आणि प्रेक्षकांना त्याच्यात लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. नाव निराळे असताना आतला माणूस ओळखण्याचा हा चोखंदळपणा इंग्रज सरकारने दाखवला. आमच्या काही टीकाकारांनीही तो इतका दाखवलेला नाही.

असो. आमच्या पोराचे काय? मी त्याला सगळे सांगितले. मृत माणसाचीही बदनामी होऊ शकते, हे कायदा मानतो. पण त्यासाठी रंगमंचावरचा म्हातारा म्हणजे तुझेच आबा, असे दाखवावे लागेल. आणि तो म्हातारा तर तुझ्या आबांसारखा कुठेच नाही. त्याचे बोलणे वेगळे, चालणे वेगळे, जगणे वेगळे. जुळते ते फक्त नाव.

पोरगा गप्प बसला. मग एका रविवारी मोटारसायकलवरून त्या दुसऱ्या गावी गेला. तिथला लेखकही त्याच्याच वयाचा, त्याच्याइतकाच अर्धपोटी आणि तितकाच नाटकवेडा. त्याने याची एकांकिका पाहिलेली नव्हती. मग हे नाव कुठून आणले? तो म्हणाला, "आमच्या मोठ्या मामाचं हाय!" जुन्या पिढीत ते नाव वऱ्हाडात गावोगाव आढळते. मागच्या लेकरांनी दगा दिला की पुढचे जगावे म्हणून आयाबाया मुद्दाम असली ओबडधोबड नावे ठेवत. यमालाही ते उचलावेसे वाटू नये म्हणून. त्या नावावर एकाला हक्क दिला, तर दहा गावांतल्या नातवंडांनी आपापल्या आजोबांना कोणत्या नावाने हाक मारायची? नावाला सातबारा का नसावा, हे मला त्या दिवशी खरे समजले. विटा सर्वांना मोकळ्या असाव्यात. राखायचे ते घर.

पण आजीचे दुःख काही या युक्तिवादाने हटेना, आणि हटूही नये. बाईने ज्याच्याशी साठ वर्षे संसार केला, त्याचे नाव तिला रंगमंचावर लडखडताना दिसले. तिला कलमे सांगून काय उपयोग? त्या दुसऱ्या लेखकाने हे ऐकून पुढच्या प्रयोगापासून आपल्या म्हाताऱ्याचे नाव बदलले. कायद्याने तो बांधलेला नव्हता. एका आजीला वाईट वाटते, एवढे कारण त्याला पुरले. ज्या प्रांतात कायद्याची हद्द संपते, तिथे माणुसकीची चौकी असते. मात्र तिथे स्वतः जाऊन बोलावे लागते, नोटीस पाठवून चालत नाही.

आमच्या पोराला मी एकच सांगितले. तुझी एकांकिका पंचवीस मिनिटांची. तिच्यात तुझे आबा पारावर बसतात, चार विनोद करतात आणि पडदा पडतो. उद्या न्यायाधीशाने विचारले, हा माणूस कोण? तर पाच ओळींपलीकडे तुला सांगता येईल का? तो दुष्काळात कसा वागला, मुलगी सासरी निघाली तेव्हा कुठे जाऊन बसला, रागावला की काय चघळायचा, हे कोणी लिहायचे? त्याला पुरता लिही. इतका पुरता, की कोणी नाव बदलून नेला तरी गावातले पोर ओळखेल, आणि कोणी नुसते नाव नेले तर लोक म्हणतील, हा तो नव्हे. पात्राला कायद्याने मिळणारे संरक्षण आणि कलेने मिळणारे आयुष्य, या दोहोंची किल्ली एकच आहे : ते माणूस झाले पाहिजे. सध्या तो रोज संध्याकाळी आजीजवळ वही घेऊन बसतो. आजी सांगते, तो लिहितो. दोन वेळा तिने त्याला खोडायला लावले, म्हणे, "असं नाई, बापा, असं."

आता जाता जाता एक बातमी सांगतो, कारण ती आपल्या घरच्या माणसाची आहे. लेखकाचा हक्क काही आचंद्रसूर्य नसतो. पूर्वी तो मृत्यूनंतर ५० वर्षे असे. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्यांचे लेखन १९९१ अखेर मोकळे होणार, म्हणून धावपळ झाली आणि १९९२ मध्ये ही मुदत ६० वर्षे करण्यात आली. गडकऱ्यांचे हक्क त्याआधीच केव्हाच संपले होते. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांचा श्याम २०११ पासून सर्वांचा आहे. भा. रा. भागवत २००१ साली गेले. तेव्हा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे आपला फास्टर फेणे, २०६१ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या छत्राखाली राहील. आणि चिं. वि. जोशी? ते २१ नोव्हेंबर १९६३ रोजी गेले. हिशेब करा. १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या पुस्तकांतला चिमणराव मोकळा झाला आहे. पुढे इतरांनी त्याच्यावर काढलेल्या मालिकांचे हक्क वेगळे. पण कागदावरचा तो भित्रा, भाबडा, बायको-पोरांच्या आणि गुंड्याभाऊच्या कात्रीत सापडलेला गृहस्थ आता कोणाच्याही परवानगीवाचून कोणाच्याही कथेत येऊन बसू शकतो.

मला वाटले होते, ही बातमी फुटताच चिमणरावांच्या नव्या कथांचा पाऊस पडेल. तसे काही झालेले नाही. आणि त्याचे कारण उघड आहे. चिमणरावांचे नाव घ्यायला आता पैसे पडत नाहीत. चिमणराव लिहायला मात्र अजून चिं. वि. जोशीच लागतात. पालीच्या त्या विद्वान प्राध्यापकाने पोटची माया आणि ओठातले हसू घालून जो माणूस उभा केला, त्याला कायद्याने ६० वर्षे राखले. यापुढे त्याला राखायचे ते तुम्ही आम्ही वाचकांनी. कोणी नुसते नाव घेऊन आला, तर त्या आजीसारखे आपणही म्हणावे, "असं नाई, बापा, असं." आणि मूळ पुस्तक काढून त्याच्या हाती द्यावे.